गच्चीच्या अलीकडची पायरी

बाईंना त्यांच्या माघारी सगळे 'शंभर टक्के बाई' म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. गॅसचं सिलिंडर आज येईल का? शंभर टक्के. परीक्षेत पास होईन का? शंभर टक्के. चष्मा सापडेल का? अहो, शंभर टक्के, जाणार कुठे! सिलिंडर चार दिवसांनी येई, चष्मा कधीच सापडत नसे, पण बाईंचा सूर काही खाली येत नसे. "तुझे शंभर टक्के म्हणजे आमचे चाळीस," असं त्यांचे यजमान म्हणत. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर शब्दकोडी सोडवत बसत.

बाई इंग्रजी शिकवत. शाळेतल्या मुलांना नाही, मोठ्या माणसांना. खालच्या मजल्यावरची पुढची खोली म्हणजे वर्ग. पहिल्या मजल्यावर बाईंचं बिऱ्हाड आणि त्याच्यावर गच्ची. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं येत: एक टॅक्सी ड्रायव्हर, दवाखान्यातली एक नर्स, एक शिंपी, आणखी चारदोन जण. कोणाला बढती हवी होती, कोणाला परदेशी जायचं होतं, आणि ड्रायव्हरला नुसतंच गिऱ्हाइकांशी भांडायचं होतं.

माणसाला एखाद्या गोष्टीची किती खात्री आहे हे इंग्रजीत कसं सांगतात, तो धडा पुस्तकात एका पानावर चौकटीत बसवला होता. माइट, कुड, प्रॉबब्ली, मस्ट, डेफिनेटली. ते पान उघडलं की वर्ग जांभया देई. एके दिवशी बाई वैतागल्या आणि सगळ्यांना उठवून जिन्यात घेऊन गेल्या.

"ही पहिली पायरी. इथे माइट आणि कुड. म्हणजे असेल, नसेल, कोणाला ठाऊक. मधला चौक, आमच्या दारासमोरचा, तिथे प्रॉबब्ली. बहुतेक. गच्चीच्या दाराच्या अलीकडची शेवटची पायरी म्हणजे मस्ट. डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण दुसरं काही असूच शकत नाही. आणि गच्ची?"

"डेफिनेटली!" नर्स म्हणाली.

"ते उंबरठ्यावर. गच्चीत पाय टाकला की कुठलाच शब्द लागत नाही. बघितलं, संपलं. तिथे नुसतं इज. आणि खाली जमिनीवर, जिन्याच्याही बाहेर, कान्ट. शक्यच नाही."

त्या दिवशी ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून त्याच्यावरच सराव झाला. तो आजारी असेल का? सगळे पहिल्या पायरीवर. काल खोकत होता आणि फोनही उचलत नाही. सगळे चौकात. त्याची बायको औषधाच्या दुकानात दिसली, त्याच्यासाठी गोळ्या घेत होती. धडाधड सगळे वर, शेवटच्या पायरीवर दाटीवाटीने. "ही मस्ट बी इल!" असा गजर झाला, आणि त्याच क्षणी खालून ड्रायव्हर शेंगदाणे खात आत आला. "मला काय धाड भरलीय?" अख्खा वर्ग हसत खिदळत खाली जमिनीवर आला. बाईंच्या यजमानांनी दार उघडून बघितलं आणि म्हणाले, "आमचा संसार प्रॉबब्लीवर आहे हे मला आज कळलं."

तेव्हापासून तो जिना वर्गाचा झाला. कोणी काही विधान केलं की बाकीचे विचारत, "कुठल्या पायरीवर?"

इस्त्रीवाल्या मावशी वर्गात आल्या त्या ह्यानंतर. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत त्या इस्त्री करत. अंगाने काटक, बोलायला कमी. त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. जहाज वादळात सापडलं होतं आणि त्याच्याशी संपर्क तुटला होता. कंपनीच्या ऑफिसातून रोज संध्याकाळी फोन येई, तो इंग्रजीत. मावशींचा दीर तो घेई आणि मावशींना सांगे, "काही विशेष नाही, वहिनी." दोन दिवस हे ऐकल्यावर मावशी बाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला फोन समजायला हवा," त्या म्हणाल्या. "पूर्ण इंग्रजी नको. तेवढंच."

बाईंनी मावशींना बसवलं, पाणी दिलं, आणि मग दुसरं काय शिकवणार? जिन्यात नेलं. मावशींनी ते शब्द एकदाच ऐकले. पुन्हा विचारले नाहीत. प्रत्येक पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या, नव्या घरात माणूस खोल्या बघतं तशा. कंपनीला त्यांनी बाईंच्या मोबाइलचा नंबर दिला आणि दिराला सांगितलं, फोन आता इथे येईल.

पहिला फोन बाईंनीच घेतला. पलीकडचा माणूस भरभर बोलत होता, लाइन खरखरत होती, मावशींना त्यातलं अक्षर लागलं नसतं. तो म्हणाला, खलाशी होडीत उतरले असतील, ते सुखरूप असू शकतील. दे माइट बी सेफ. बाईंनी फोन ठेवला. समोर मावशी उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. बाईंना राहवलं नाही.

"प्रॉबब्ली," त्या म्हणाल्या. "बहुतेक सुखरूप आहेत म्हणाले."

मावशी जिना चढल्या आणि चौकात जाऊन भिंतीला टेकून बसल्या. बाईंच्या यजमानांनी दार उघडून त्यांना चहा दिला. तासाभराने त्या घरी गेल्या. जाताना पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडं ऊन पडल्यासारखं दिसलं, आणि बाईंना वाटलं, आपण चांगलं काम केलं. शंभर टक्के.

दुसऱ्या दिवशी मावशी वर्गाच्या आधीच आल्या. दिराने रात्री स्वतः कंपनीला फोन लावला होता.

"बाई, काल ते कुठल्या पायरीवर होते?"

बाईंनी मान खाली घातली. "पहिल्या."

"कळलंय मला." मावशींचा आवाज चढला नव्हता, तेच कठीण गेलं बाईंना. "तुम्ही मला वर नेलंत. रात्रभर मी तिथे होते. पहाटे दिरांनी खरं सांगितलं आणि मला एकटीला खाली यावं लागलं. चढवायला माणसं खूप असतात हो, बाई. उतरताना कोणी नसतं."

"मला तुमचं तोंड बघवेना, मावशी."

"मग तोंड नका बघू. तुमची माया मला मागाहून द्या, मी नाही म्हणणार नाही. पण फोनवर त्यांचा शब्द हवा. तो जसा असेल तसा."

एवढं बोलून त्या पहिल्या पायरीवर बसल्या. त्या दिवसापासून तीच त्यांची जागा. लॉन्ड्रीतून सुटल्या की यायचं, पायरीवर बसायचं, फोनची वाट बघायची. वर्ग आत चाले आणि दार उघडं असे. "माणूस इतका वेळ असेल-नसेलवर बसू शकतो?" नर्सने एकदा हळूच विचारलं. बाई स्वतः तिथे पाच मिनिटं टिकल्या नसत्या. एक तर त्यांनी उडी मारून गच्ची गाठली असती, नाहीतर रडत खाली लोळण घेतली असती. दवाखान्याच्या बाकावर, परीक्षेच्या निकालाला, लग्नाच्या होकाराला, सगळ्या जन्मात त्यांनी हेच केलं होतं.

मग तो वाईट फोन आला. बाईंनी ऐकला, एकदा नाही, दोनदा विचारून खात्री करून घेतली. दीरही आलेले होते. वहिनींना आता घरी न्यायचंच असं ठरवून आले होते.

"जहाजाबद्दल मस्ट म्हणाले," बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण शब्द तोच ठेवला. "जहाज बुडालं असलं पाहिजे. पाण्यावर तेल आणि सामान दिसलंय."

दिरांनी डोळे पुसले. "झालं, वहिनी. उठा आता. किती दिवस इथे परक्या जिन्यात बसणार? लोक काय म्हणतात कळतं का? मान्य करा आणि मोकळ्या व्हा."

मावशी उठल्या नाहीत. "माणसांबद्दल काय म्हणाले?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "शोध चालू आहे. माइट."

मावशींनी मान वर करून गच्चीच्या दाराकडे बघितलं. "मग जहाज तिथे असू दे, वरच्या पायरीवर," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा इथे आहे." आणि त्यांनी शेजारी पायरीवर हात ठेवला, कोणी बसलेलं असावं तसा.

दीर चिडले, रडले, शेवटी त्यांच्यासाठी डबा ठेवून निघून गेले. बाई दारात खिळून उभ्या होत्या. समोर बसलेली ही बाई आशाळभूत नव्हती. तिने जहाज बुडालं हे जागच्या जागी मान्य केलं होतं. पण जेवढं कळलं त्याच्या पुढे ती एक पाऊल टाकत नव्हती, ना वर, ना खाली. बाईंनी आयुष्यभर हा धडा शिकवला होता, पण तो कोणाला असा जगताना बघितला नव्हता.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी, वर्ग भरलेला असताना, फोन नेहमीच्या वेळेच्या आधी वाजला.

बाई ऐकत राहिल्या. वर्गात पेनं खाली ठेवली गेली. नक्की, नक्की, असं त्यांच्या छातीत नुसतं उसळत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, श्वास घेतला आणि मगच बोलल्या.

"विमानाला एक नारिंगी तराफा दिसलाय. त्यात माणसं असू शकतील. कुड."

"अहो मावशी, चढा!" ड्रायव्हर ओरडला.

"कुड इथेच आहे ना?" मावशी पायरीकडे बघत म्हणाल्या, आणि बसून राहिल्या. फक्त त्यांनी पायांतल्या चपला काढून बाजूला नीट लावून ठेवल्या.

आता वर्ग कसला होतो! सगळे बाहेर आले. पुन्हा फोन. जवळचं एक मच्छीमार जहाज तराफ्याकडे निघालंय. दुर्बिणीतून हालचाल दिसते. माणसं जिवंत आहेत, आणि ती बहुतेक त्याच जहाजावरची.

"प्रॉबब्ली," बाई म्हणाल्या. "पण ते तराफ्यातल्या माणसांबद्दल. तराफ्यात पाच दिसतात. जहाजावर सात होते."

"माझा मुलगा?"

बाईंनी फोनमध्ये विचारलं. त्यांना इतकं सोपं होतं खोटं बोलणं. पाचांत तो आहे एवढंच म्हणायचं, कोण विचारणार होतं?

"माइट," त्या म्हणाल्या.

मावशींनी मान हलवली आणि तिथेच बसल्या. बाईंकडे बघून त्या अगदी किंचित हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. बाईंना ते हसणं कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं.

मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर उजेड कमी झाला. यजमानांनी जिन्यातला दिवा लावला आणि कोडं हातात धरून चौकात उभे राहिले, एकही शब्द न भरता. शिंपी भिंतीला कपाळ टेकून होता. रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला तर सगळ्यांनी मिळून त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

फोन वाजला. बाईंनी तो कानाला लावला आणि दुसरा हात वर केला, थांबा, थांबा म्हणून. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी फोनवर हात ठेवला.

"पाच जणांना वर घेतलंय. पाचही जिवंत. नावं अजून नीट कळत नाहीत, रेडिओ तुटतोय, लागला की सरळ ह्या फोनला जोडून देतो म्हणतात. पण त्यांतला एक जण मच्छीमारांचा बंद पडलेला दिवा दुरुस्त करून देतो म्हणतोय." बाईंना हसू आणि रडू एकदम आलं. "जहाजावर इलेक्ट्रिशियन एकच होता, मावशी. ऑफिसवाले म्हणतात, तो तोच असला पाहिजे. मस्ट."

मावशी उठल्या. अनवाणी पायांनी त्या जिना चढू लागल्या. घाईने नाही, प्रत्येक पायरीवर पाय पूर्ण टेकवत. माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. चौकात यजमान मागे सरकले आणि त्यांनी हात जोडले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मावशी गेल्या की मागे सगळे चढत, पण त्यांच्या वरच्या पायरीवर कोणी पाय ठेवला नाही. एरवी दंगा करणारा ड्रायव्हरसुद्धा चोरपावलांनी येत होता. गच्चीच्या दाराच्या अलीकडच्या पायरीवर मावशी थांबल्या.

बाई फोन घेऊन मागोमाग आल्या होत्या. उघड्या दारातून वारा येत होता. आता एकच पाऊल. नर्स रडतच म्हणाली, "जा ना, मावशी. आता कसली शंका?"

"त्यांनी त्याला बघितलंय का? ह्या ऑफिसवाल्यांनी?" मावशींनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ऐकलंय."

"मग थांबते."

आणि त्या थांबल्या. बाईंनी खूप देवळं बघितली होती, मोठ्या माणसांची मोठी भाषणं ऐकली होती, पण इतकं मोठं काही बघितल्याचं त्यांना आठवेना. एक काटक बाई, इस्त्रीने भाजलेली बोटं दाराच्या चौकटीवर टेकवून, मुलापासून एका पावलावर उभी होती आणि ते पाऊल उसनं घेत नव्हती. बाईंना वाटलं, आपला श्वाससुद्धा इथे आगाऊपणा आहे.

हातातला फोन वाजला तेव्हा बाईंनी तो स्वतःच्या कानाला लावलाच नाही. सरळ मावशींच्या कानाला लावला.

खरखर. कोणीतरी लांबून काहीतरी ओरडलं. पुन्हा खरखर.

"कोण बोलतंय?" मावशींनी विचारलं.

जिन्यातल्या सगळ्यांना ते ऐकू आलं, इतक्या मोठ्याने पलीकडचा माणूस बोलला. "आई, मी."

मावशींनी उंबरठा ओलांडला.

गच्चीत कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या, पाण्याची टाकी ठिबकत होती आणि वर अजून थोडा उजेड होता. त्या चादरींच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या. "बोल," एवढंच म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. दारात माणसांची गर्दी झाली होती, पण गच्चीत कोणी शिरलं नाही. ड्रायव्हर शिंप्याच्या गळ्यात पडून रडत होता आणि बाई डोळे पुसायचंही विसरल्या होत्या.

थोड्या वेळाने मावशींनी विचारलं, "आणि बाकीचे दोघं?"

पलीकडचा आवाज खाली गेला. काय म्हणाला ते इतरांना कळलं नाही. मावशींनी ऐकून घेतलं, "तू झोप आता," म्हणाल्या, फोन बाईंच्या हातात दिला आणि माणसांमधून वाट काढत जिना उतरू लागल्या. सगळ्यांना वाटलं, घरी निघाल्या, दिराला सांगायला, पेढे वाटायला. चपलांपाशी आल्या. पण चपला घातल्या नाहीत. पहिल्या पायरीवर बसल्या.

"आता का, मावशी?" ड्रायव्हर धावत खाली आला. "आपला आला ना!"

"जहाजावरचा स्वयंपाकी आणि एक इंजिनियर सापडायचेत," मावशी म्हणाल्या. "तेही तराफ्यावर चढले होते, लाटेने ओढून नेले. त्यांच्या घरी कोणीतरी बसलं असेलच ना ह्या पायरीवर. आज मी एकटी उठून कशी जाऊ?"

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. बाई जिन्यात उभ्या होत्या.

"बाई, सापडतील ना ते?" त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "शंभर टक्के?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग मावशींकडे.

"सापडू शकतील," त्या म्हणाल्या, आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या. पायरी तशी अरुंदच होती. मावशींनी थोडं सरकून जागा केली, मग नर्सला केली, मग ड्रायव्हरलाही. वरून यजमानांनी विचारलं की किती जणांचा चहा टाकू, आणि बाई म्हणाल्या, सगळ्यांचा.